मोडायला आधी घर लागतं

घटस्फोटावर हसता येतं का? येतं. पण कोणाला येतं, हा माझा सवाल आहे.

१९८९ साली अमेरिकेत एक सिनेमा निघाला, 'द वॉर ऑफ द रोझेस'. वॉरेन अॅडलरच्या कादंबरीवरून डॅनी डिव्हिटोनं काढलेला. २०२५ साली त्याच गोष्टीवरून दुसराही निघाला, पण मी बोलतोय ते जुन्याबद्दल. नवरा बडा वकील. बायकोनं वर्षानुवर्षं खपून एक हवेलीसारखं घर सजवलेलं. नवरा दवाखान्यात पडतो तेव्हा तिला कळतं की हा मेला तर आपल्याला सुटल्यासारखं वाटेल. ती घटस्फोट मागते. पैसा नको, पोटगी नको, घर दे म्हणते. तो म्हणतो, घर माझं. मग कायद्यातली एक फट शोधून तो त्याच घरात राहतो. दोघं एका छताखाली दुश्मन. ती त्याला वाफेच्या खोलीत कोंडते. तो तिच्या पाहुण्यांसमोर रांधलेल्या माशावर मुततो. शेवटी दोघं झुंबराला लटकतात, झुंबर तुटतं, दोघं खाली. मरता मरता नवरा हात तिच्या खांद्यावर ठेवतो. ती तो हात झटकून टाकते.

ही सगळी गोष्ट एक दुसरा वकील आपल्या गिऱ्हाइकाला सांगतोय. त्याची फी तासाला साडेचारशे डॉलर. आजच्या भावानं चाळीस हजार रुपयांच्या आसपास. आमच्या रोलिंग मिलमध्ये एवढ्या पैशासाठी किती पाळ्या भट्टीपुढं भाजून घ्याव्या लागतात, त्याचा हिशोब ज्याचा त्यानं करावा.

जुन्या जालन्यात गांधी चमनच्या अलीकडं आमची खोली आहे. तिथं सुटीच्या दिवशी आम्ही चौघांनी हा सिनेमा मोबाइलवर पाहिला. माशाच्या जागी सगळे खदखदा हसले. पण भट्टीवरचा एक मामा शेवटपर्यंत एकच विचारत होता, "एवढं मोठं घर हाय, अर्धं अर्धं करून घ्यायचं की. मरायलेत कशाला?"

मामाचा सवाल अडाणी नाही. सिनेमाचं सगळं मर्मच त्यात आहे. ही माणसं एकमेकांचा द्वेष करतात म्हणून घरासाठी भांडतात, असं दिसतं. मला उलटं वाटतं. घर आहे म्हणून द्वेषाला उभं राहायला जागा मिळाली. घर नसतं तर ती बाई दुसऱ्या दिवशी निघून गेली असती, नि सिनेमा दहा मिनिटांत संपला असता.

आपल्याकडं असं भांडण झालं नाही असं नाही. मुंबईच्या हायकोर्टात झालं. रखमाबाईचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लावलं. ती त्याच्याकडं नांदायला गेली नाही. १८८४ साली त्यानं दावा ठोकला, बायको ताब्यात द्या. १८८५ ला न्यायमूर्ती पिन्ही तिच्या बाजूनं बोलले, अपिलात ते फिरलं, आणि १८८७ च्या मार्चमध्ये हुकूम निघाला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंगात जाते. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपयांवर मिटलं. पुढं ती विलायतेला जाऊन डॉक्टर झाली. टिळकांच्या 'केसरी'नं तिच्यावर झोड उठवली होती. धर्म बुडाला म्हणे. पण हे ध्यानात घ्या, की रखमाबाईच्या नावावर बापाची मिळकत होती. धर्माच्या पोटात हात घातला की बऱ्याचदा घराची किल्ली लागते.

आणि रखमाबाई कोण? सुतार. तिच्या आईनं नवरा मेल्यावर दुसरं लग्न केलं होतं. जातीला ते चालत होतं. ज्यांना चालत नव्हतं त्यांनी आपला धर्म तिच्यावर लादला.

राबणाऱ्या जातींत काडीमोड होती. शब्दच बघा. पंचांसमोर एक काडी मोडायची, संपलं. त्याला कोर्ट नाही, वकील नाही, झुंबर नाही. बाई पुढं पाट लावून दुसरीकडं नांदायला मोकळी. हिंदू कोड बिलावर सनातनी ओरडत होते की लग्न हा संस्कार, तो तुटतच नाही. तेव्हा १९४९ साली बाबासाहेबांनी त्यांना सभागृहात सुनावलं की शूद्र म्हणवल्या जाणाऱ्यांत रूढीनं घटस्फोट आहेच, आणि हिंदूंमध्ये शंभरातले नव्वद तेच आहेत. म्हणजे तुमचा सनातन धर्म दहा जणांचा. बिल रखडवलं गेलं. १९५१ च्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं, त्याच्या कारणांत हे एक मोठं कारण होतं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोट आला, आणि कलम २९ नं रूढीचा घटस्फोटही शाबूत ठेवला. तो कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे.

पण काडीमोडीचे गोडवे मी गाणार नाही. पंच कोण? पुरुषच. दंड कोणाला? बहुतेक बाईलाच. लेकरं कुणाकडं? बापाकडं. आणि काडी मोडायचीही तसदी न घेता बायको टाकून देणारे गावोगाव आहेत. संगमनेरच्या निशा शिवूरकर यांनी टाकलेल्या बायांसाठी आयुष्य घातलं, ते उगाच नव्हे. टाकलेली बाई ना नांदती, ना मोकळी. तिच्यावर कुणी सिनेमा काढून हसवत नाही. हसवायला तिथं फुटण्यासारखं काही नसतं.

आता माझी खरी तक्रार आपल्याच लोकांवर आहे. चार बुकं शिकलो, नोकरी लागली, दोन खोल्यांचं पक्कं घर झालं, की आपण पाटाचं नाव घेत नाही. आजीनं दुसरा घर केला होता हे लपवतो. मुलगी परत आली की शेजाऱ्यांना सांगतो, बाळंतपणाला आलीय. मार खाऊन आली असली तरी पुन्हा पोचवून येतो. ही लाज कुठून आणली? बुद्धविहारातून तर नाही. ज्यांचा संस्कार तुटत नव्हता, त्यांचं हे जुनं धोतर आपण धुवून नेसलो.

मला वाटतं नीतीचा प्रश्न लग्न मोडावं की नाही हा नाहीच. दोन माणसांना एकत्र बांधून ठेवतंय काय, हा आहे. माया असेल तर बांधायची गरज नाही. सिनेमात घरानं बांधलं. आमच्याकडं कशानं बांधतात ते सांगतो.

आमच्या जिल्ह्यातून दरसाल माणसं ऊस तोडायला जातात. मुकादम उचल देतो ती जोडीवर. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. त्याला कोण विचारतो? म्हणून लग्नंही घाईनं लावतात, कोयता पुरा व्हायला. आता सांगा, अशा बाईनं काडी मोडायची कशी? काडी मोडली तर कोयता मोडतो, आणि उचल दोघांच्या अंगावर.

आमच्या नात्यातली एक मावशी. नवरा दारूत मारायचा. एका दिवाळीआधी ती माहेरी आली, म्हणाली, आता बास. चार माणसं बसली. कुणी धर्म काढला नाही, कुणी अब्रू काढली नाही, दोघांनाही वेगळं व्हायचं होतं. भांडीसुद्धा वाटून झाली, दोन हंडे, एक परात, एक पत्र्याची पेटी. मग मुकादम मोटारसायकलवरून आला. त्यानं वही काढली.

त्या साली दोघं फडावर गेले. पाच महिने एका कोपीत. तो तोडायचा, ती मोळ्या बांधायची, मोळी उचलून तिच्या डोक्यावर तोच द्यायचा. बोलणं नव्हतं. पट्टा पडल्यावर हिशोब झाला, तर उचल फिटली नव्हती.