मापात पाप असेल तर दानाचं काय?

आजचं वाचन : महाभारत, शांतिपर्व, तुलाधार आणि जाजली यांचा संवाद



आजची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल, तरी थोडक्यात सांगते. जाजली नावाचे एक तपस्वी होते. खांबासारखे निश्चल उभे राहून ते तप करायचे. इतके निश्चल, की पक्ष्यांच्या जोडीने त्यांच्या जटांत घरटं केलं. अंडी घातली, पिल्लं झाली, मोठी होऊन उडून गेली. तोवर जाजली हलले नाहीत. पिल्लांना इजा होऊ नये म्हणून. आणि मग, सगळं नीट पार पडल्यावर, त्यांनी दंड थोपटून मोठ्याने सांगितलं की मला धर्म मिळाला! तेव्हा आकाशवाणी झाली, की वाराणसीत तुलाधार नावाचा एक दुकानदार आहे, तुला त्याची सर नाही. आणि तो दुकानदारसुद्धा स्वतःबद्दल असं बोलत नाही.

जाजली चिडून वाराणसीला गेले. तुलाधार दुकानात बसून माल विकत होता. त्याने उठून स्वागत केलं. धर्म कुठून शिकलास, असं विचारल्यावर त्याने जे सांगितलं त्याचा सार एवढाच : माझा तराजू सगळ्यांसाठी सारखा आहे, आणि कुणाला त्रास न होता, किंवा कमीत कमी त्रास होऊन, जे पोट भरतं त्यावर मी जगतो.

ही गोष्ट मी आधी दोन-तीनदा वाचली होती. छान वाटली होती, एवढंच. या वेळी मात्र टोचली. का टोचली ते सांगते, कारण आजचं चिंतन त्यावरच आहे.

मी लोअर परळला एका ऑफिसात काम करते. जिथे पूर्वी गिरणी होती आणि आता काचेच्या इमारती आहेत, त्यातलीच एक. माझ्याकडे बाहेरच्या कंत्राटदारांची कागदपत्रं असतात. दर तीन महिन्यांनी एक फॉर्म भरायचा. कंत्राटी कामगारांना वेळेवर पगार मिळतो का? पीएफ भरला जातो का? जिन्यातली वाट मोकळी आहे का? प्रत्येकापुढे 'होय' किंवा 'नाही'. मी दर वेळी सगळीकडे 'होय' टिक करायचे. खोटं बोलायचं म्हणून नाही. मागच्या वेळी 'होय' होतं म्हणून.

गेल्या हिवाळ्यात आमच्या कंपनीचा सीएसआरचा कार्यक्रम होता. परळच्या हॉस्पिटलांबाहेर फुटपाथवर राहणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांना ब्लँकेटं आणि जेवण वाटायचं. मी हौसेने नाव दिलं. सगळ्यांना कंपनीचं नाव छापलेले टी-शर्ट मिळाले. आमच्या मजल्यावर साफसफाई करणाऱ्या मावशी खोके खाली उतरवायला मदत करत होत्या. लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. त्यांनी हळूच विचारलं, "ताई, आमचा पगार कधी व्हनार, काय कळलं का? अठरा तारीख झाली."

मी म्हटलं, "बघते हं मावशी." आणि खाली जाऊन ब्लँकेटं वाटली. फोटोही काढला.

रात्री तो फोटो बघताना आठवलं, की त्याच आठवड्यात मी तो फॉर्म भरला होता. 'पगार वेळेवर : होय.' खाली सही माझी.

मंडळी, आपल्याकडे एक म्हण आहे, मापात पाप. दुकानदाराने दांडी मारली की आपण हे म्हणतो. त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं की दांडी मारायला तराजू लागत नाही. एक टिकसुद्धा पुरते.

आता मुद्द्याचा प्रश्न. दान केल्याने मापातलं पाप फिटतं का?

आधी सीएसआरबद्दल थोडं, कारण आपल्यातले बरेच जण अशाच कंपन्यांत आहेत. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार, आणि ते लागू आहे 1 एप्रिल 2014 पासून, ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता 500 कोटी किंवा उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. मला वाटायचं, हा आकडाच यातला महत्त्वाचा भाग. पण नियम नीट वाचले तेव्हा वेगळंच दिसलं. सीएसआर म्हणून काय काय धरता येणार नाही, याचीही यादी त्यात आहे. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचं काम धरता येत नाही. आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेली स्पॉन्सरशिप धरता येत नाही. आणि जे दुसऱ्या एखाद्या कायद्याने करणं भागच आहे, ते तर अजिबातच धरता येत नाही.

म्हणजे जे देणं आहे त्याला दान म्हणता येत नाही. हे सरकारी नियमात लिहिलेलं वाचून मला खरंच हात जोडावेसे वाटले. आपले संत वेगळं काय सांगतात? तुकोबा स्वतः दुकानदाराच्या घरातले. त्यांच्या शिकवणीत क्रम स्पष्ट आहे : आधी धन मिळवायचं ते चोख व्यवहाराने, आणि मग ते खर्च करायचं ते मन न गुंतवता. दुसरी पायरी सगळ्यांना आवडते. पहिली आपण गृहीत धरतो.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार येतात. द्यायलाच हवं म्हणून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेलं ते सात्त्विक. काहीतरी परत मिळावं म्हणून किंवा जिवावर येऊन दिलेलं ते राजस. आणि अवेळी, अपात्री, घेणाऱ्याचा अपमान करून दिलेलं ते तामस. आमचा टी-शर्टवाला कार्यक्रम यात कुठे बसतो ते मी सांगायला नको. पण या तिन्हींत मावशींचा पगार कुठेच बसत नाही. कारण तो दान नाहीच. ते ऋण आहे.

आणि हा प्रश्न परळला नवा नाही. 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी याच परळ भागात गिरणी कामगारांची सभा घेतली. मागण्या काय होत्या बघा. आठवड्याची एक सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, त्यापुढे नाही. कामावर इजा झाली तर भरपाई. आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत. पुन्हा वाचा, 15 तारखेपर्यंत! दानधर्म वाढवा, असं त्यांनी मागितलं नाही. माप ठरवा, असं मागितलं. रविवारची सुट्टी 10 जून 1890 ला मिळाली. रविवार म्हणजे खंडोबाचा वार. आज आपण रविवारी दर्शनाला रांगेत उभे राहतो, त्या वेळेत लोखंड्यांचाही वाटा आहे.

सव्वाशे वर्षांहून जास्त काळ उलटला, आणि मावशी अठरा तारखेला लिफ्टमध्ये तोच प्रश्न विचारत होत्या. मला विचारत होत्या.

आता दुसरी बाजू, कारण एकतर्फी बोलणं म्हणजेही मापात पापच. कुणी म्हणेल, दानाला नावं ठेवणं सोपं आहे. परळमध्ये राहून मी तरी ते करू शकत नाही. वाडियांची हॉस्पिटलं गिरणीमालकांच्या पैशातून उभी राहिली. टाटा मेमोरियल 1941 मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टने सुरू केलं, पुढे ते सरकारकडे आलं. केईएम 1926 पासून चालू आहे, आणि त्याच्या मेडिकल कॉलेजसाठी देणगी देणाऱ्यांची अट होती की तिथल्या जागा पात्र भारतीयांनाच मिळाव्यात. या दारांतून किती लोक बरे होऊन बाहेर पडले असतील! फुटपाथवर थंडीत झोपलेल्या आजीला ब्लँकेट कुणाच्या पैशातून आलं याच्याशी काय घेणं? तिला ऊब हवी. ती मिळाली, आणि ते चांगलंच झालं.

जाजलींचंही तसंच आहे. त्यांचं तप खोटं नव्हतं. पिल्लं खरोखर वाचली. म्हणून मला वाटतं, आकाशवाणी त्यांना 'तू केलंस ते वाईट' असं म्हणत नाही. 'तेवढ्याने झालं असं समजू नकोस' असं म्हणते. एका घरट्यासाठी हलायचं नाही हे मोठंच आहे. पण दिवसभर दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकासाठी दांडी सरळ ठेवणं, कुणी बघत असो नसो, ते जास्त अवघड. त्याचा फोटोही निघत नाही.

आणि काही माप असं असतं, की ते चुकलं तर नंतर कितीही दान केलं तरी भरून येत नाही. 29 डिसेंबर 2017 ला मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल कंपाउंडमध्ये गच्चीवरच्या रेस्टॉरंटला आग लागली. 14 जणांचा जीव गेला. अग्निसुरक्षेचे नियम पाळले गेले नव्हते, हे नंतर पुढे आलं. माझ्या फॉर्ममधला 'वाट मोकळी आहे का' हा प्रश्न अशाच रात्रींमुळे तिथे आला आहे. नियम म्हटला की आपल्याला कंटाळा येतो, लालफीत आठवते. पण बहुतेक नियमांच्या मागे कुणाचं तरी सोसणं असतं. तो चौकोन भरताना आपण एका अनोळखी माणसाला शब्द देत असतो : तू इथे ये, मी बघितलंय.

मानक म्हणजे तरी काय? तुलाधाराचा तराजूच. पूर्वी घरचा सोनार ओळखीचा असायचा, त्याच्या शब्दावर आजी पाटल्या घडवायची. आता दुकान अनोळखी, म्हणून हॉलमार्क बघतो. किराणावाल्याच्या वजनांवर सरकारी शिक्का असतो. ज्याला तपासता येत नाही त्यालाही तेवढंच मिळावं, जेवढं तपासणाऱ्याला मिळतं, यासाठी हे सगळं. यात मला समदृष्टी दिसते.

पण शिक्का वजनावर बसतो, हातावर नाही. एक गंमत सांगते. सामाजिक जबाबदारीसाठी आयएसओ 26000 नावाचं आंतरराष्ट्रीय मानक 2010 मध्ये आलं. त्याचं सर्टिफिकेट मिळत नाही. ते फक्त मार्गदर्शन आहे, प्रमाणपत्रासाठी नाही, असं आयएसओ स्वतः सांगते. जबाबदारीची फ्रेम करून भिंतीवर लावता येत नाही, ती रोज नव्याने निभावायची. नामस्मरणासारखीच. काल केलं म्हणून आज झालं, असं होत नाही. आणि मी नेमकं तेच करत होते, मागच्या वेळी 'होय' होतं म्हणून.

मग पुढे काय झालं? फार मोठं काही नाही. दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं की फॉर्म चुकीचा भरलाय, दुरुस्त करायचाय. ते म्हणाले, "तो कंत्राटदाराचा प्रश्न आहे, आपला नाही." पण कायद्यानेच घालून दिलं आहे, की कंत्राटदाराने पगार दिला नाही तर मूळ मालकाने द्यायचा. मी ते घाबरत घाबरत दाखवलं. सर गप्प झाले. खूशही झाले नाहीत. पाच दिवसांनी पगार झाले. आता फॉर्मसोबत बँकेचा कागद जोडावा लागतो, त्यामुळे सगळ्यांचं काम वाढलंय आणि काही जण मला 'ऑडिटताई' म्हणतात. पुढच्या प्रमोशनच्या वेळी हे आठवलं जाईल का, याची धाकधूक आहे. खोटं कशाला बोलू?

मावशींना मी सॉरी म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुमी कशाला? तुमी काय केलं?" मी काय केलं होतं हे त्यांना सांगायला मला आणखी दोन दिवस लागले. ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "आता बघून करा."

मला तर ही गुरुवाणीच वाटली.

आजचा नेम : आज सही करताना, टिक करताना, 'चेक केलंय' असा मेसेज टाकताना, एकदा थांबायचं. खरंच बघितलंय का? नसेल तर आधी बघायचं. आणि काही द्यायची इच्छा झाली, तर त्याआधी विचारायचं : माझ्याकडे कुणाचं काही देणं राहिलंय का? ते आधी. दान त्यानंतर, पण तेही नक्की करायचं.

प्रार्थना : पांडुरंगा, माझ्या हातून मोठं तप होईल न होईल. पण माझी दांडी सरळ ठेव. जो मला तपासू शकत नाही, त्याच्यासमोर आधी.

राम कृष्ण हरी 🙏