खुंट्यांवरचा मळ

मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांब सरकवत वाजवायची ती हवाईयन गिटार. ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग वाजवले. त्यांची गिटार असलेली १९६७ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका अजून ऐकली जाते. अशी गिटार कधी माळ्यावरून उतरते, तेव्हा बहुधा तारा ताणायच्या खुंट्याच फिरत नाहीत.

पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत, गिअरांत आयुष्य घालवलेल्या माणसाला त्या खुंटीत ओळखीचंच काही दिसेल: इवलासा वर्म, म्हणजे पेचदार दांडी, आणि दात्यांचं चाक. वर्म चाकाला फिरवतो, चाक वर्मला फिरवू शकत नाही. म्हणून तार कितीही ओढ देवो, सूर टिकतो. पण कारखान्यात बिनधास्त यंत्र खोलणारा हाच माणूस वाद्याला हात लावायला बिचकतो. मला वाटतं, इथे आदर जरा आडवा येतो.

खरं तर खुंट्यांतलं धूळ मिसळलेलं जुनं ग्रीसच दाते झिजवतं. तारा सैल करून खुंट्या सोडवाव्यात, रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने मळ काढावा, पुसून वाळवून तेलाचा एकच थेंब द्यावा. जास्त तेल धूळच ओढतं. रॉकेल लाकडाला लागू देऊ नये, गॅसजवळ तर नकोच. चकाकीचा हट्टही सोडावा. घासून घासून मुलामाच निघून जातो. आणि हो, ज्या खुंटीचा जो स्क्रू, तो तिलाच परत लावावा.