झेपेल तेवढाच नेम

माळ घातली की उत्साहाच्या भरात माणूस बोलून बसतो, रोज ज्ञानेश्वरीचा एक अध्याय वाचीन! अहो, एकटा अठरावाच १८०० ओव्यांच्या वर आहे. आठव्या दिवशी नेम मोडतो आणि गडी म्हणतो, "मी पापी, माझ्याने काय होणार?" ही लीनता नव्हे महाराज, ही हाय खाल्ली. दळता-कांडता नाम घेणाऱ्या जनाबाईने स्वतःस नामयाची दासी म्हणविले खरे, पण अभंगात आपले नाव घालावयास ती लाजली नाही. माउलींची पालखीदेखील पुण्याहून निघाली की दिवे घाट चढून सासवडला मुक्काम करते; पंढरी एका दिवसात गाठीत नाही. ज्याचा नेम मोडला असेल त्याने आज हरिपाठाचा एकच अभंग म्हणावा, पण उद्याही म्हणावा. पंधरा दिवस टिकला म्हणजे मग दुसरा जोडावा.