निकाल आधीच लावून मोकळा?

"बाई, पॅनिकवरचे उपचार माझ्यावर चालत नाहीत." तुझ्या आईने हेच सांगितलं, आता तूही तेच सांगतोयस. उपचार चालत नाहीत की तू ते चालू देत नाहीस?

ही सर्ट्रालीनची स्ट्रिप बघ. दहापैकी सात गोळ्या तशाच. सुरुवातीला मळमळलं, धडधड वाढली आणि दिल्यास सोडून! अरे, या गोळ्यांनी पहिले काही दिवस अस्वस्थपणा वाढू शकतो, म्हणूनच डॉक्टर अगदी कमी डोसपासून चढवत नेतात. फरक दिसायला ४ ते ६ आठवडे लागतात, पुरता गुण यायला कधी १२ सुद्धा. पेपर वाटायच्या आत निकाल लावणारा तू कोण टिकोजीराव?

ती अल्प्राझोलाम मात्र बरी लक्षात राहते! जरा धस्स झालं की टाकली तोंडात. घटकाभर बरं वाटतं, मग सवय लागते आणि गोळी चुकली की दुप्पट घाबरायला होतं. आता माझं ऐकून तीही एकदम बंद करशील. खबरदार! ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करायची.

थेरपीचंही तेच. खुर्चीत गरगर फिर, जिने भराभर चढ, स्ट्रॉमधून श्वास घे, असा गृहपाठ दिला होता ना? गरगरणं, धडधडणं मुद्दाम ओढवून घ्यायचं, म्हणजे त्याने आपण मरत नाही हे शरीराला पटतं. तू तो केलाच नाहीस. लिफ्ट सोडलीस, लोकल सोडलीस, मीटिंगला दारालगतची खुर्ची धरलीस, भाजी आणायलाही सोबत धाकटी बहीण! अटॅक साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि ओसरू लागतो. पण तू त्याआधीच पळ काढतोस, मग पळालो म्हणून वाचलो असंच वाटत राहणार.

दिवसाला चहा-कॉफी किती? शनिवारचं 'बसणं' सुटलं का? दारू उतरताना धडधड वाढते, आणि पितोस हेच डॉक्टरांपासून लपवलंस ना? थायरॉइड तरी तपासलास?

आता दुसरी बाजू. पुरेसा डोस, पुरेसे आठवडे, थेरपीचा गृहपाठ, सगळं इमानेइतबारे करूनही गुण येत नाही, असंही होतं. त्यात तुझा दोष नाही. पण मग तोंड शिवून घरी बसायचं नाही. डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं, फरक पडत नाही. डोस वाढवता येतो. सर्ट्रालीनच्याच गटातलं दुसरं औषध किंवा व्हेनलाफॅक्सिन देता येतं. नुसत्या गोळ्या चालू असतील तर थेरपीची, म्हणजे सीबीटीची, जोड देता येते. इमिप्रॅमिन पॅनिकवर चालतं हे मानसोपचारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन यांनी १९६०च्या दशकातच दाखवलं होतं. ते जुनं औषध आजही हाताशी आहे. निदानही पुन्हा तपासता येतं, पॅनिकच्या आड नैराश्य किंवा हृदयाच्या ठोक्यांचा दोष आहे का ते बघता येतं. दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घेणं म्हणजे पहिल्याचा अपमान नव्हे. आणि जीव नकोसा वाटला, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. त्याच क्षणी घरच्यांना सांगायचं आणि टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ फिरवायचा.

आजपासून वही घाल. अटॅक कधी आला, कुठे आला, तेव्हा काय केलंस, गोळी घेतलीस की चुकवलीस, सगळं लिही आणि वही डॉक्टरांपुढे ठेव. खोटं लिहिलंस तर डॉक्टर फसतील, आजार फसायचा नाही.