ख्रिस्त नेमका कोणासाठी मरण पावला?

आजचे वचन : १ योहान २:२

प्रियजनहो, योहान इथे म्हणतो की ख्रिस्त आपल्याच नव्हे, तर सगळ्या जगाच्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे. पण योहान १०:१५ मध्ये प्रभू स्वतः म्हणतो, मी माझ्या मेंढरांसाठी जीव देतो. मग कोणासाठी? सगळ्यांसाठी, की निवडलेल्यांसाठी?

१६१० मध्ये हॉलंडमधल्या आर्मिनियसच्या अनुयायांनी मांडलं, तो सर्वांसाठी मेला, पण क्षमा मिळते ती विश्वास ठेवणाऱ्यालाच. १६१८-१९ च्या डॉर्टच्या धर्मसभेने उत्तर दिलं, निवडलेल्यांचं तारण नक्की व्हावं हाच देवाचा हेतू होता. एकांना वाटतं, देवाची प्रीती लहान होऊ नये. दुसऱ्यांना वाटतं, वधस्तंभाचं काम अर्धवट ठरू नये. दोन्ही काळज्या खऱ्या आहेत.

पण एक गोष्ट बघा. त्याच डॉर्टने हेही लिहिलं की त्या मरणाचं मोल सगळ्या जगाच्या पापांना पुरून उरेल इतकं आहे, आणि सुवार्ता भेदभाव न करता सर्वांना सांगावी.

आम्ही कोडवाले आधी अ‍ॅक्सेस लिस्ट बघतो. "माझं नाव यादीत आहे का?" हा प्रश्न कित्येकांची झोप उडवतो. पण सुवार्ता आपल्याला यादी दाखवत नाही, ख्रिस्त दाखवते. जो त्याच्याकडे येतो, त्याला तो घालवून देत नाही (योहान ६:३७). इथे दोन्ही बाजू आमेन म्हणतात.

म्हणून आज या. आणि "हा काही सुधारणार नाही" म्हणून ज्याला सोडून दिलंत, त्यालाही सांगा.

प्रभू, कोण तुझा हे ठरवणं तुझ्याकडेच राहू दे. बोलावण्याचं काम आम्हाला दे. आमेन.