दान आणि पावती



रविवारच्या मिस्सात अर्पणाच्या वेळी थैली फिरते तेव्हा अलीकडे एक नवी गोष्ट दिसते. एखादा तरुण खिसा चाचपतो, पाकीट उघडतो, त्यात कार्डांशिवाय काहीच नसते. तो ओशाळून हसतो आणि थैली पुढे सरकवतो. त्याची द्यायची इच्छा नाही असे नाही. पैसे आता खिशात नसून मोबाईलमध्ये असतात. म्हणून दाराशी क्यूआर कोडची पाटी लावावी असे ठरले. त्याच चर्चेत एक दुसरी सूचना पुढे आली. देणाऱ्यांची नावे आणि रकमा सूचना फलकावर लावाव्यात, म्हणजे इतरांनाही हुरूप येईल व जमा वाढेल. एक आजोबा म्हणाले, "बरोबर आहे, लोक नाव पाहून देतात." एक भगिनी हळूच म्हणाल्या, "मग दहा रुपये देणारी थांबेल." त्यावर कोणाला लगेच उत्तर सुचले नाही. तो प्रश्न घेऊन आम्ही घरी आलो, आणि आज तोच आपल्यापुढे मांडत आहोत. दान मोजावे ते कशाने? आणि त्याची पावती कोणाला हवी असते?

आधी काळ कसा बदलला ते पाहू. आपल्यातील वडीलधारी मंडळी १९७२ च्या दुष्काळाची आठवण सांगतात. परदेशातून आलेला लाल मिलो, कामावर मिळणारी सुकडी, मिशनमधील दुधाची भुकटी! मराठवाड्यातील आपल्या ख्रिस्तसभेचा पायाच मुळी दुसऱ्यांच्या दानावर उभा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोगरगावला आलेल्या फ्रेंच मिशनऱ्यांच्या पाठीशी त्यांच्या गावाकडची साधी शेतकरी माणसे होती. पुढे जर्मनीतील कॅथोलिकांनी १९५८ मध्ये मिझेरिओर ही संस्था सुरू केली आणि त्यांच्या उपवासकाळातील वर्गणीतून भारतात कितीतरी विहिरी, शाळा, दवाखाने झाले.

तो झरा आता आटत आहे. जर्मनीत २०२२ या एकाच वर्षात पाच लाखांहून अधिक कॅथोलिकांनी अधिकृतपणे चर्च सोडले. इकडे आपल्या देशातही परदेशी देणग्यांचा कायदा २०२० मध्ये कडक झाला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली, पैसे दिल्लीतील स्टेट बँकेच्या एका ठरावीक शाखेतच स्वीकारायचे, आणि एका संस्थेने मिळालेली देणगी दुसऱ्या संस्थेला द्यायची नाही, असे नियम झाले. मोठ्या संस्थेच्या आधाराने खेड्यात काम करणाऱ्या लहान संस्थांना या शेवटच्या नियमाचा फटका बसला. पण येथे आम्हाला कायद्यावर वाद घालायचा नाही. आपले काम दुसऱ्या देशातील माणसांनी किती काळ चालवायचे, हा प्रश्न कायदा नसता तरी एक दिवस आपल्यापुढे येणारच होता.

दुसरा बदल कंपन्यांचा. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार एका मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. १ एप्रिल २०१४ पासून ही तरतूद लागू झाली. आपले शहर वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींचे. येथील कितीतरी शाळांत बाके, संगणक, पाण्याच्या टाक्या अशा निधीतून आल्या आहेत. याबद्दल कृतज्ञ असले पाहिजे. परंतु अशा निधीची एक रीत असते. त्याला दिसणारी वस्तू आवडते, कारण वस्तूचे उद्‌घाटन करता येते, फोटो काढता येतो, अहवालात छापता येते. वृद्धाश्रमातील म्हाताऱ्यांचे कपडे धुणाऱ्या बाईचा पगार फोटोत येत नाही. शिवाय कायदाच म्हणतो की कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे. मग कारखान्याजवळच्या गावाला दोन टाक्या मिळतात आणि जेथे कारखानाच नाही त्या सोयगावकडच्या वस्तीने कोणाकडे पाहायचे?

तिसरा बदल आपल्या नोकरदारांच्या अगदी जवळचा आहे. पूर्वी मार्च महिना आला की लोक संस्थेत येऊन विचारत, "८०जी ची पावती मिळेल ना?" आयकराच्या नव्या प्रणालीत ही वजावट मिळत नाही, आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून न सांगता हीच प्रणाली लागू होते. २०२५ च्या अर्थसंकल्पाने तर या प्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच ठेवला नाही. म्हणजे पुष्कळांच्या हातात चार पैसे जास्त राहू लागले, आणि त्याच वेळी पावतीचे कारण मात्र संपले. येथे आपण प्रत्येकाने स्वतःला विचारावे. पावतीचा उपयोग संपल्यावर जर आपला हातही थांबला असेल, तर इतकी वर्षे आपण काय देत होतो? आम्ही कोणाला दोष देत नाही. घराचे हप्ते, मुलांच्या फिया, दवाखाना यांनी माणूस वाकलेला असतो. पण काळाने आपल्यापुढे ही एक परीक्षा ठेवली आहे खरी.

चौथा बदल मोबाईलचा. आता आजारी बाळाचा फोटो आणि आईचे रडणे व्हॉट्‌सॲपवर येते, खाली बटण असते, दाबले की दान झाले. अशाने कितीतरी शस्त्रक्रिया झाल्या आहेत, ही चांगलीच गोष्ट. २०१५ मध्ये नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी दुष्काळात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या कुटुंबांसाठी हाक दिली आणि 'नाम' फाउंडेशनकडे सामान्य माणसांनी भराभर पैसे पाठवले. ओळखीच्या चेहऱ्यावरचा विश्वास किती काम करू शकतो ते तेव्हा आपण पाहिले. पण या रीतीची दुसरी बाजूही आहे. ज्याचे दुःख फोटोत चांगले दिसते त्यालाच मदत मिळते. घाटीतून टीबीची औषधे घेऊन परतणारा, दारूने घरादाराला नकोसा झालेला माणूस फोटोत कोणाला रडवत नाही. आणि ज्याला मदत मिळते त्यालाही आपली जखम चारचौघांत उघडी करून दाखवावी लागते. भाकरीसाठी अब्रू द्यावी लागत असेल, तर ती भाकरी फार महाग पडली असे म्हणावे लागेल.

मग जुन्या लोकांनी काय केले? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातील गरीब मुलांच्या जेवणासाठी त्यांनी 'मुष्टिफंड' सुरू केला. घरोघरच्या बायकांनी दळणातून एक मूठ धान्य बाजूला काढायचे, एवढेच. दुसऱ्या टोकाला, मिझोराममधील ख्रिस्ती स्त्रियांनी १९१० मध्ये असेच ठरवले की प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी एक मूठ तांदूळ देवाच्या कामासाठी वेगळा ठेवायचा. तेथे ती रीत अजून चालू आहे. या दोन्ही ठिकाणी देणाऱ्या बाया श्रीमंत नव्हत्या. त्यांनी उरलेले दिले नाही. शिजवण्याआधी काढले. उरले तर देऊ म्हणणाऱ्याचे कधीच उरत नाही, हे आपण सगळे घरच्या अनुभवाने जाणतो.

आपल्याच ख्रिस्तसभेतील एक रीत येथे सांगण्यासारखी आहे. १८३३ मध्ये पॅरिसला फ्रेडरिक ओझानाम या तरुणाने मित्रांसह सुरू केलेल्या संत विन्सेंट दी पॉल संघाच्या सभेत शेवटी एक थैली फिरते. प्रत्येक जण मिटलेली मूठ आत घालतो. कोणी नोट टाकली, कोणी नाणे, कोणी काहीच नाही, ते कोणाला कळत नाही. ज्याच्याकडे त्या दिवशी काही नसते त्याचीही मूठ सर्वांसारखीच आत जाते आणि बाहेर येते. त्याची मान खाली जात नाही.

यावर कोणी म्हणेल, "मुठीमुठीने दवाखाने चालत नाहीत. मोठे देणगीदार हवेत, आणि त्यांना नाव हवे असते." हे म्हणणे खोटे नाही. शिवाय दुसरी एक शंका अधिक गंभीर आहे. सगळेच गुप्त ठेवले तर पैसा कोठे गेला हे कोण विचारणार? संस्थांवरचा लोकांचा विश्वास उगाच कमी झालेला नाही. दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीला सरकारने २०१७ पासून करसवलत बंद केली, तीही हिशेब स्वच्छ राहावा म्हणूनच.

येथे आम्हाला विधवेच्या दोन दमड्यांची गोष्ट आठवली. ती आपण सर्वांनी पुष्कळदा ऐकली आहे. प्रभू येशू दानपेटीसमोर बसून पाहत होता. त्याने किती पडले ते मोजले नाही, मागे किती उरले ते पाहिले. पण संत मार्कच्या शुभवर्तमानात त्या गोष्टीच्या अगदी आधी काय आहे, तिकडे आपले लक्ष क्वचित जाते. विधवांची घरे गिळणाऱ्या आणि वर लांबलचक प्रार्थना करणाऱ्या धर्मशिक्षकांना त्याने तेथे खडसावले आहे. दोन्ही शेजारी शेजारी आहेत. देणाऱ्या विधवेचे कौतुक आहे, आणि तिचे घेणाऱ्यांना जाब आहे.

त्यातूनच आम्हाला त्या दिवशीच्या वादाचे उत्तर मिळाले असे वाटते. नाव आणि हिशेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आपण त्या एक समजतो. फलकावर कोणी किती दिले हे लावू नये. या महिन्यात एकूण किती जमले, किती कुटुंबांना धान्य गेले, किती मुलांची फी भरली, किती शिल्लक राहिले, हे मात्र अवश्य लावावे. मदत घेणाऱ्यांची नावेही त्यात नकोत. ज्याला पावती हवी त्याला ती कार्यालयात द्यावी. ती घेणाऱ्याने दिलेला हिशेब आहे, मानपत्र नव्हे. क्यूआर कोडची पाटीही लावावी, पण थैली बंद करू नये. ज्या आजीकडे मोबाईल नाही, तिच्या दहा रुपयांना देवळात जागा राहिली पाहिजे.

आणि पैसेच नसतील तर? २०१६ पासून पानी फाउंडेशनच्या स्पर्धेत गावोगावच्या लोकांनी टिकाव-फावडे घेऊन चर खोदले, शहरातील माणसेही गाड्या करून मदतीला गेली. घामाची पावती कोणी मागितली नाही. आपल्यातील निवृत्त शिक्षक आठवड्यातून दोन तास मुलांना गणित शिकवू शकतात. कोणी एकट्या आजोबांना बँकेत नेऊन आणू शकते.

या आठवड्यात आपण एवढेच करू या. महिन्याचा किराणा भरताना, खर्चाला हात घालण्याआधी, एक मूठ बाजूला काढू या. ती किती मोठी असावी हे आम्ही सांगणार नाही. मागे काय उरले ते ज्याने त्याने पाहावे, आणि जो दानपेटीसमोर बसून पाहत होता त्याच्याशी एकांतात बोलावे.