पाटलिपुत्राचे मडके आणि कलेक्टरचा आदेश

स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात जैन धर्माचा पहिला मुक्काम प्राचीन इतिहासात पडतो. चोवीस तीर्थंकर, पार्श्वनाथांची चार व्रते, महावीरांनी त्यांत घातलेले पाचवे ब्रह्मचर्य, श्वेतांबर-दिगंबर. एवढे पाठ झाले की पूर्वपरीक्षेपुरते भागते. दुसरा मुक्काम थेट मुख्य परीक्षेत, केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०१३ साली आणलेल्या नीतिशास्त्राच्या २५० गुणांच्या पेपरात. तिथे अनेकांतवाद सहिष्णुतेचा सोवळा भाऊ म्हणून येतो आणि सोबत हत्ती व आंधळे घेऊन येतो. राज्यकारभाराचा पेपर वेगळा, पुस्तके वेगळी, शिकवणारे सरही वेगळे. नीतिशास्त्राच्या आणि राज्यकारभाराच्या या दोन वह्यांची गाठ कधी पडत नाही, आणि खरे नुकसान तिथेच होते.

त्या हत्तीवर माझा राग आहे. गोष्ट बौद्धांच्या उदानातही आहे, पण रागाचे कारण ते नाही. ती सांगून झाली की उमेदवार हमखास लिहितो, ‘प्रत्येकाचे थोडेथोडे बरोबर असते.’ वाक्य निरुपद्रवी आहे, म्हणूनच कारभाराला निरुपयोगी आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदाराकडे शेतरस्ता अडवल्याचा दावा येतो, तेव्हा दोघांचेही थोडेथोडे बरोबर असा शेरा मारून फाइल बंद करता येत नाही. स्थळपाहणी करायची, पंचनामा करायचा, दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकायचे आणि शेवटी रस्ता खुला करायचा की नाही ते लिहायचे. पाऊस तोंडावर आलेला असतो आणि ट्रॅक्टर बांधावर थांबलेला असतो.

जैन तार्किक काही निर्णय टाळणारी माणसे नव्हती. तेराव्या शतकाच्या अखेरीस मल्लिषेणांनी ‘स्याद्वादमंजरी’त एका मडक्याचे उदाहरण घेतले आहे. मडके आहे हे खरे, पण कशाच्या अपेक्षेने? मातीचे म्हणून आहे, पाण्याचे म्हणून नाही. पाटलिपुत्रातले म्हणून आहे, कान्यकुब्जातले म्हणून नाही. हिवाळ्यातले म्हणून आहे, वसंतातले म्हणून नाही. काळे म्हणून आहे, तांबडे म्हणून नाही. द्रव्य, क्षेत्र, काल, भाव असे हे चार खुंटे. चारही ठोकल्यावर विधान डळमळीत होत नाही, उलट पक्के होते. ते कुठवर खरे आहे याची हद्द तेवढी त्याच्यासोबत येते. अनेकांतवादाच्या या ‘अपेक्षेने’ बोलण्याच्या रीतीला, म्हणजे स्याद्वादाला, संशयवाद म्हणणाऱ्यांनी हे मडके नीट पाहिलेले नसते.

आता जमावबंदीचा आदेश घ्या. पूर्वीचे १४४ कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झाले आहे. त्याखालचा आदेश लेखी हवा, प्रकरणातील महत्त्वाची वस्तुस्थिती त्यात नमूद हवी, आणि एरवी तो दोन महिन्यांपलीकडे चालत नाही. २०२० साली काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीच्या अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे आदेश प्रसिद्ध करा, बंधने प्रमाणात ठेवा आणि बेमुदत बंदी नको, असे बजावले. काय बंद, कुठे बंद, कधीपर्यंत आणि कोणत्या परिस्थितीमुळे? न्यायालयाने जैन तर्कशास्त्र उघडले होते असे मी म्हणत नाही. पण सत्तेने बोलताना स्वतःच्या बोलण्याची हद्द सांगावी, ही अट दोन्हीकडे सारखी आहे.

याहून जवळचे उदाहरण खुद्द जैनांच्या पर्युषण या सणाचे आहे. अहमदाबाद महापालिकेने पर्युषणाचे नऊ दिवस आपले कत्तलखाने बंद ठेवले. गुजरात उच्च न्यायालयाने ते अमान्य केले, पण २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी उचलून धरली. निकालपत्रात अकबराच्या उदारतेचाही दाखला आहे. जैन आचार्य हीरविजयसूरींच्या भेटीनंतर पर्युषणात प्राणिहत्या थांबवण्याची फर्माने त्यानेच काढली होती. पण निकालाचा भार अकबरावर नव्हता. मुदत थोडी आहे, शहरात जैनांची वस्ती मोठी आहे, व्यवसाय कायमचा बुडत नाही, यावर तो होता. बंदी दीर्घकाळाची असती तर उत्तर वेगळे येऊ शकले असते, हेही न्यायालयाने सुचवले. म्हणजे क्षेत्र आणि काल.

सात वर्षांनी मुंबईत तोच सण, तोच वाद. सप्टेंबर २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने १७ तारखेच्या मांसविक्रीबंदीला स्थगिती दिली, कत्तलखाना बंद ठेवण्याला मात्र हात लावला नाही. वाहिन्यांवर त्या आठवड्यात जैन विरुद्ध मराठी अशी झुंज लावून दिली गेली होती. त्या गदारोळात कत्तल आणि विक्री या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे साधे द्रव्य कुणाच्या ध्यानात आले नाही.

अहिंसेचेही असेच. श्रवणबेळगोळची सत्तावन्न फुटी गोमटेश्वराची मूर्ती उभारणारा चावुंडराय गंग राजांचा मंत्री होता आणि सेनापतीही. मूर्तीच्या पायथ्याशी त्याचे नाव मराठीतही कोरलेले आहे, आणि तो लेख आपल्या भाषेतल्या सर्वांत जुन्या कोरीव लेखांत मोडतो. लढाया मारणारा माणूस जैन कसा, असे आपण सहज विचारतो. परंपरेने उत्तर आधीच देऊन ठेवले होते: मुनीला महाव्रत, गृहस्थाला अणुव्रत. गृहस्थाने हेतुपुरस्सर केलेली, संकल्पी हिंसा सोडायची. स्वयंपाकात, धंद्यात आणि संरक्षणात घडणारी हिंसा वेगळ्या खात्यात मोजायची. दहाव्या शतकातल्या सोमदेवसूरींनी तर संन्यासी असून ‘नीतिवाक्यामृत’ हा राजनीतीचा ग्रंथ लिहिला आणि आरंभीचे वंदन राज्याला केले. ज्याच्या मालकीचे काही नाही तो कर, दंड आणि हेर यांवर लिहितो, यात मला विसंगती वाटत नाही. ज्याला त्यातून काही मिळवायचे नाही त्याने लिहिणे बरे.

धोका अर्थात आहे. अपेक्षा सोयीप्रमाणे शिवून घेता येते. केस स्टडीच्या उत्तरात ‘परिस्थितीनुसार योग्य तो निर्णय घेईन’ असे जे वाक्य घोटून घोटून लिहिले जाते, ते वरवर अनेकांती दिसते. त्यात परिस्थिती कोणती ते नसते, जागा नसते, तारीख नसते. मल्लिषेणांनी ते मडके म्हणूनसुद्धा मान्य केले नसते.